मापाची वही

गंगावेशीतल्या माझ्या वहीत
वैजयंता चौगुलेचं पान एकशेचौदा.
लग्नातलं माप: छाती चौतीस, बाही नऊ, मागून पानगळा.

तिसऱ्या महिन्यात आली. भाभी, उसवून सैल करा.
अडतीस. हसलो दोघी, पोटाच्या आधी हेच?
पंधरा दिवसांत चव्वेचाळीस.
शिलाईत ठेवलेली माया संपली,
बगलेत पट्टी जोडली, मग आणखी एक.
पाचव्यात साठ इंची टेप
पाठीमागून फिरून आली
आणि पुढं टोकाला टोक भेटलंच नाही.
मधली चार बोटं
मी वहीत लिहिली नाहीत.

सासू म्हणाली, दुधाला तोटा न्हाई बघा आमच्यात.
कट्ट्यावर कुणी तरी तेच बोललं, हसत,
आनंदानं त्याच्या हातातला फेसाळ पेला
काढून घेतला. म्हैस बघत राहिली.

दोन उशा मांडीवर, त्यांवर ते ओझं,
अशी बसायची ती दिवसभर.
कातडी चकचकीत, शिरा निळ्या,
खालच्या अंगाला जखमा, पाणी गळायचं.
मी मलमलीची झोळी शिवून दिली, खांद्यांवर गाद्या घालून.
आठवडा टिकली.

सीपीआरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन पाहिल्या.
मग म्हणाल्या, थांबलो तर दोन्ही जीव जातील.
दोन्ही बाजूचे काढायचे. बाळ आत राहील.
सासूनं विचारलं, आणि पोरानं प्यायचं काय?
वैजू म्हणाली,
आत्या, तुमच्या दारात पाच म्हशी हाईत की.

चार तास लागले.
साडेअकरा किलो, आनंदानं मला येऊन सांगितलं.
जन्मभर मापं ओतणारा माणूस,
त्याला आकडाच तेवढा सांगता आला.
बाळाचे ठोके चालू हाईत, हे
दारातून परत फिरून सांगितलं.

आठव्यात ती स्वतः चालत आली.
पदर नीट, हात लांब करून उभी राहिली.
घट्ट धरा भाभी, आता दुखत न्हाई.
टेप एकावर एक आली, वर उरली.
मी सवयीनं कापडावर खडूनं टक्स आखले,
मग तळहातानं पुसले.
तिनं पाहिलं. काही बोलली नाही.
खाली पोटातून एक लाथ
माझ्या मनगटाला लागली.

जुन्या मापांवर मी रेघ मारली.
एकतीस.
गळा? विचारलं.
पानच. जरा मोठं.
बाही तीच, नऊ.