ओढ

खारघरच्या टेकडीखाली, तिसऱ्या मजल्यावर
रात्री साडेदहाला मी पंपाचा वेग लावते.
काचेच्या फटीत पेशींचं अस्तर पसरलंय,
पनवेलच्या प्रसूतिगृहातून आणलेल्या नाळेतलं.
ज्या बाळाची नाळ, त्याला आता तिची गरज नाही.
दुपारीच त्या अस्तराला चिथावून ठेवलं;
त्याला वाटतंय, कुठेतरी काटा रुतलाय.

पहिली फेरी माझ्याच रक्ताची.
पांढऱ्या पेशी येतात, अडखळतात,
अंधारात भिंत चाचपत जावं तशा घरंगळतात.
मग एखादी थांबते. चपटी होते.
दोन पेशींच्या सांध्यातून पलीकडे शिरते.
मी वहीत आकडा लिहिते.

नवी मुलं विचारतात,
पंप बंद केला तर जास्त चिकटतील ना?
उलट. वाहणं थांबलं
की घरंगळणाऱ्या सुटून जातात.
ती पहिली पकड ओढीनेच टिकते.
मराठीत एका शब्दात भागतं,
निबंधात मला दीड पान लागलं.

हसुराम घरत डबा घेऊन येतात, वाशीहून.
बर्फ नको, एसी नको, असं तीनदा बजावलेलं,
त्यांचा शर्ट पाठीला चिकटलाय.
नळीवर नाव नाही, आकडा.
वय त्रेपन्न दिवस.
खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात:
नाळ अजून पडलेली नाही.
जखम आहे, पू नाही.

एरवी पू नाही म्हटलं
की आपण सुटकेचा श्वास टाकतो.

पेशी भरपूर, नेहमीच्या पाचपट.
येतात, अडखळतात, घरंगळतात,
अगदी माझ्यासारख्याच,
मी खुर्चीत पुढे सरकते
आणि
एकही थांबत नाही.
सगळ्या चालल्यात फटीच्या टोकाशी,
नळीतून टाकाऊ बाटलीत.

"धरीत नाय," मागून हसुराम म्हणतात.
"भरतीला कालवा दगड सोडीत नाय.
यांचा काय झाला?"
मी सांगते, चाचपायला हात आहेत,
शेवटची मूठ आवळणारं प्रथिन नाही.
"मंग पोराचा?"
दुसऱ्या कुणाची तरी अस्थिमज्जा. जुळली तर.
भावंड असेल तर बरं.

"हाय ना. बहीण. तीनेक वर्षांची.
डबा तिच्याच मांडीव होता,
मना देईचना.
येक येक बोट सोडवला तिच्या बापानी."

मी काही बोलत नाही.
फट धुते, दुसरं अस्तर लावते,
पंप पुन्हा त्याच वेगावर.
हसुराम स्टूल ओढून बसतात, घरी जात नाहीत.
शून्यसुद्धा तीनदा मोजावं लागतं.