विसरलेली पेंढी

ब्वेनोस आइरेसच्या ओन्से भागात
लार्रेआ रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान.
शेत घराण्यात कुणी पाहिलेलं नाही.
पणजोबा इझमीरहून आले ते खांद्यावर तागे घेऊन,
गहू त्यांना ठाऊक होता तो पावातला.

तरी निसीम ओदारा, माझे आजोबा,
शुक्रवारी शटर अर्धं ओढलं की
प्रत्येक ताग्याचं टोक कापून बाहेरच्या बाकावर ठेवत.
"शेताचा कोपरा," म्हणत. "तोरा सांगते, कापायचा नसतो."
पण तुम्ही तर कापलात, आजोबा.
कातरी पुसत ते म्हणत,
"कापडाचं शेत उलटं असतं."

कुणी न्यायचं हे आपण ठरवायचं नाही,
खरा कायदा तो.
वरच्या शिवणघरातली युसेबिया चोके
निळं पॉपलिन नेते, की आणखी कुणी,
हे दिसू नये म्हणून ते आधी दिवे मालवत.

हिशेब मी बघते.
वार न् वार संगणकात.
औषधं, वाढदिवस, थकबाकी,
फोन सगळ्याची आठवण देतो,
छत्रीचीसुद्धा, आभाळ भरून येण्याआधी.

एकदा विचारलं, सगळ्यात अवघड आज्ञा कुठली?
"विसरलेल्या पेंढीची.
सुगीत एखादी पेंढी शेतात राहिली, घरी आल्यावर आठवली,
तर आणायला मागे जायचं नाही.
ती परक्याची, पोरक्याची, विधवेची.
पण ठरवून कुठे विसरता येतं?
जन्मभर वाट बघतोय.
तुझ्या आजीनं सगळं लक्षात ठेवलं."

मार्चपासून ते विसरू लागले.
आधी किल्ल्या.
मग आजीचं मरण.
सुलताना बाजारातून आली का, रोज नव्यानं विचारतात.
आणि परवा, गुरुवारी,
चाळीस वार पिवळं लिनन बाकावर टेकवून
आत आले पाणी प्यायला.

सकाळी बाक रिकामा.
पडद्यावर लाल आकडा.
राफो मामा म्हणाला, कॅमेरा बघ, चोर सापडेल.
बघितला.
अकरा वाजून चार मिनिटं.
एक हातगाडी, तिच्यामागे एक मूल,
एका बुटाची नाडी सुटलेली.
ओढणारं माणूस दिव्याखाली यायच्या आत
मी चित्र थांबवलं.
मग पुसलं.

वर जाऊन म्हटलं, आजोबा, झालं. तुमच्या हातून झालं.
"काय?"
पेंढी.
त्यांना काही आठवलं नाही.
पण कॉफी ढवळता ढवळता हसले,
दुसऱ्या कुणाचं तरी बरं झालेलं ऐकून
माणूस हसतो तसे.

खाली येऊन नोंद केली:
लिनन, पिवळं, चाळीस वार.
कारणासाठी यादीत तीनच शब्द होते,
विक्री, खराबी, चोरी.
मी रकाना मोकळा सोडला.

प्रोग्रॅम अजून विचारतोय.