दोर ओढून घेताना

आठवडाभर मी दोरावरच असतो,
सोहारच्या टाक्यांना लटकून
पोलादाची जाडी मोजत.
साडेनऊ मिलिमीटर. नऊ. आठ पूर्णांक सात.
झिजलेला आकडा लिहायचा, खाली सरकायचं.
शुक्रवारी त्याच पट्ट्यांत पाय घालून
पदरचे पैसे मोजून लटकायला आलो
तेव्हा रोडेल हसला.
हसू दे. तोही आलाच होता.

बलद सैतच्या अलीकडे, वळणावर गाडी लावली.
वरून वादी दिसली.
आमच्याकडे वादी म्हणजे चपलेची पट्टी;
तशीच होती, काळी, अरुंद,
डोंगराच्या पायात करकचून बसलेली.

हिलाल अल-अब्री एरवी शाळेची बस चालवतो.
निघण्याआधी तो पाण्याकडे बघत नाही,
लांब, जबल शम्सच्या माथ्याकडे बघतो.
तिकडे कापसाच्या बोळ्याएवढा ढग असला
तर इथे आपण नसायचं, म्हणतो
आणि एकेकाच्या हातावर खजूर ठेवत जातो,
बसमधली मुलं मोजावीत तसा.

पहिला कडा अठरा मीटर.
पाठ दरीकडे, टाचा काठावर,
उजवी मूठ कमरेखाली, घट्ट.
एवढं मला येतं.
येत नव्हतं ते पाणी.
खांद्यावर कोसळलं
आणि रोडेलची हाक, माझाच श्वास,
सगळं ऐकू येणं धुऊन गेलं.
चुन्याच्या चवीचं, गार,
न विचारता गळपट्टीतून आत शिरलेलं.
खाली हिरवा डोह.
पाय टेकेनात. पोहलो.

मग हिलालनं दोराचं एक टोक ओढलं.
दुसरं वरच्या कडीतून सरसरत सुटलं
आणि पाण्यावर आडवंतिडवं पडलं.
आता वर जायला काही नाही.

शाळेत ऐकलं होतं, गडावरचे परतीचे दोर कापले.
बाई सांगायच्या, आम्ही बाकावर मुठी आवळायचो.
इथे कुणी काही कापत नाही.
परतीचा दोर ओढून घेतात,
पिळतात, वेटोळं करून पिशवीत कोंबतात,
पाठीवर टाकतात.
पुढच्या कड्याला तोच लागतो.

दाभोळहून निघताना आक्का म्हणाली होती,
नाहीच जमलं तर ये परत.
तेरा वर्षं झाली.
मी समजत होतो, कापला.
मग पाठीला हे एवढं ओलं, जड
काय लागतंय?

पुढे दोन्ही हात पसरले तर
दोन्ही भिंती हाताला लागतात.
सवयीनं मी पेरानं दगड वाजवला.
"किती उरलीय जाडी?" रोडेलनं विचारलं.
मला आकडा सांगता येईना.
पाणी इथे कधीपासून मोजतंय,
लिहून ठेवत नाही.

अजून तीन कडे होते. मधला घसरडा.
शेवटी ऊन, दगडांवर शेळ्या,
हिलालच्या थर्मासमधला कडू कहवा.

रविवारी चौदा नंबरची टाकी.
बूट तोवर वाळायचे नाहीत.