कान इथे नाही

डोकं घालण्याआधी श्वास आत घ्यायचा,
विहिरीत बुडी मारताना घेतात तसा.
आत खेमराजचा खर्रा असतो, सकाळपाळीचा,
म्हणजे त्याचा वास.
किती फिनाईल मारा, अस्वलाच्या गालफडातून जात नाही.

हिंगणा रोडला, एमआयडीसीच्या पुढे,
पाण्याच्या घसरगुंड्या आणि मी.
बाहेर शेहेचाळीस.
आत किती, ते कोणी मोजलेलं नाही.
शेवंताबाई पाठीला बर्फाच्या दोन पिशव्या बांधून देते.
दहा मिनिटांत त्यांचं पाणी होतं,
पुढच्या दहात त्या पाण्याचा चहा.

गब्दूचे डोळे माझ्या टाळूच्याही वर, काचेचे.
ते कुठे बघतात, मला ठाऊक नाही.
मी बघते त्याच्या तोंडातून, जाळीतून, जिभेच्या वरून:
पट्टे, बटणं, पोरांची डोकी,
अर्धं खाल्लेलं कणीस,
फरशीवर भाजत सावलीकडे उड्या मारणारी पावलं.

पहिल्या दिवशी मॅनेजर म्हणाले, पाच फूट, बरोबर बसतेस.
फक्त लक्षात ठेव, गब्दू पुरुष आहे.
म्हणून मी पाय फाकवून चालते,
पोट पुढे काढून, ढुंगण हलवत,
तांडापेठेच्या गल्लीत कधी चालले नाही अशी.
लोक टाळ्या वाजवतात.
कॉलेजचे पोट्टे खांद्यावर हात टाकतात,
काय बे भाऊ, गरम होऊन राहिलं का?
भाऊ मान हलवतो.

बोलायचं नाही, हा पहिला नियम.
मुलांसमोर डोकं काढायचं नाही, चक्कर आली तरी.
आली तर बसायचं, आणि बसून हात हलवायचा.
मागच्या मे महिन्यात मी अकरा मिनिटं अशी बसले होते.
फोटो चांगले आले.

परवा एक मुलगा आला.
लाल चड्डी, गुडघ्यावर आयोडीनचा डाग.
त्याने मला खाली वाकवलं,
गब्दूचा डावा कान दोन्ही हातांनी धरला
आणि त्यात काहीतरी सांगू लागला.

तो कान स्पंजचा आहे.
माझा वीतभर खाली, गब्दूच्या मानेत,
ओढणीच्या दोन घड्यांखाली.
वर लाटांच्या तलावाचा भोंगा.
मला आलं ते एवढंच:
रोज
मग, कपाटात
मग बराच वेळ नुसता श्वास, स्पंजवर.
आणि शेवटी एकदम स्पष्ट,
तू सांगशील ना त्यायले?

मी मान हलवली. जोरात, दोनदा,
मुलं हसतात म्हणून नेहमी हलवते तशी.
तो हसला नाही.
त्याचे खांदे खाली आले,
आणि तो टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे गेला,
पळत नाही, चालत.
जाळीतून मला त्या माणसाचा पट्टा दिसला फक्त.

घरी ओट्यावर बाबा कामट्या तासत होते.
पोळ्याला तीन महिने आहेत,
पण मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्या त्यांना आतापासूनच सुचतो.
म्हणाले, पुतळा आतून पोकळ पाहिजे वं.
लोकायचं मावाले जागा लागते.
मी केस धुतले. खर्रा निघाला नाही.

काल पाळीआधी मी कात्रीने कानाच्या तळाशी भोक पाडलं.
सलाइनची नळी, एक टोक स्पंजात, एक माझ्या कानाशी.
काहून फाडून राहिली वं, शेवंताबाई ओरडली.
दिवसभर पोरांनी कान ओढला.
एकाला आइस्क्रीम हवं होतं, एकीला तिचा भाऊ नको होता.
लाल चड्डी आली नाही.

आज डोकं माझ्या हातात देताना खेमराज म्हणाला,
ही नळी तुझी का?
सकाळी एक पोट्टं कानात विचारून राहिलं होतं,
सांगितलं का, म्हणे, सांगितलं का.
मग?
मग काय, हलवली मान.
आडवी का उभी, मी विचारलं.
त्याला आठवेना.
आत काय समजते वं, म्हणाला,
आणि खर्रा घोटत सावलीत जाऊन बसला.