मशीन बंद करून

अहिंसा सप्ताहाचं परिपत्रक सोमवारी आलं
आणि मंगळवारी मी तिरुपती चिलवेरीला मारलं.
हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर पुढचं सगळं
फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटेल.

सहावी ब. दुसरा तास.
"वही कुठंय?"
"घरी राहिली सार!" तो ओरडला.
ओरडलाच. शेवटच्या बाकापर्यंत हशा.
"आवाज खाली."
"खालीच हाय की सार!" आणखी मोठ्यानं.
माझा हात माझ्या आधी पोचला.
बावीस वर्षांची नोकरी,
हाताला वाट पाठ झालीय.

बुधवारी त्याचा बाक रिकामा.
गुरुवारी मी गेलो,
साखर पेठेपलीकडच्या त्या बोळात
जिथं भिंतींनाही कंप असतो
आणि चहाच्या सायीवर सुताची कुसं तरंगतात.
चार माग. मागांच्या मागं एक खोली.
खोलीत आई, मांडीवर सूप,
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा,
हजार विड्या भरल्या की तिचा दिवस मावळतो.
"मी तिरुपतीचा वर्गशिक्षक."
तिनं कानामागं तळवा धरला.
मी पुन्हा सांगितलं.
तिसऱ्यांदा मी ओरडलो,
आणि माझ्याच घशातून
मला तो ऐकू आला.

मल्लेशम चिलवेरीनं माझ्याकडं पाहिलं.
मीटरवर मजुरी त्याची.
तरी गेला, आणि एकेक करत
चारही माग बंद केले.
शांतता अशी की
कांडी भरणाऱ्या पोराचा श्वास ऐकू यावा.
मग तो बोलला, माझ्यापेक्षा हळू:
"मारा सार. शिकला पाहिजे पोरगा."

खिशात परिपत्रक होतं.
प्रभातफेरी, घोषवाक्यं, चित्रकला, शपथ,
फोटोसह अहवाल तीन प्रतींत.
त्यात या वाक्याचं उत्तर नव्हतं.
चादरीवरच्या अर्ध्याच विणलेल्या मोराकडं बघत
मी म्हणालो, "चुकलं माझं."
कुणाला म्हणालो, तेही नीट कळलं नसेल.
पोरानं कांडी बदलली.
आईनं न विचारता चहा ठेवला.

शनिवारी मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पालकसभा.
सतरा जण आले. बायका सुपं घेऊनच आल्या,
म्हणाल्या, बोला तुम्ही, आमचे हात चालू राहतील.
मी बोललो. बरंच बोललो.
मागून एकानं विचारलं,
"न मारता पोरगं ऐकत नाही. मग काय करायचं?"
मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.
थोडा वेळ नुसती पानं कातरल्याचा आवाज.
मग शमशाद बागवान, आदिलची आई, म्हणाली,
"मी आधी तांब्याभर पाणी पिते.
अर्धा राग पाण्याबरोबर जातो खाली."
"आणि अर्धा?"
"अर्धा राहतो की! त्याचं तुम्ही सांगा, मास्तर."
सगळे हसले. मीही.
अहवालात हे लिहायला रकाना नव्हता.

निबंध दहा ओळींचा हवा होता.
तिरुपतीचा एकाच ओळीचा:
'अहिंसा म्हणजे मशीन बंद करून बोलणे.'
खाली बरीच कोरी जागा,
कोपऱ्यात विडीच्या दोऱ्याचा एक लाल तुकडा चिकटलेला.
मी लाल पेन उघडलं, मिटलं.
गुण अजून दिलेले नाहीत.

तो आजही वर्गात ओरडूनच बोलतो.
मी त्याला पहिल्या बाकावर आणलंय,
म्हणजे ओरडायचं अंतर कमी.
छडी मोडली वगैरे नाही,
कपाटात आहे, नकाशे तिनंच दाखवतो.
आणि हात?
हात उठतो अजून.
उठला की आत कुठंतरी जावं लागतं मला
त्या खडखडाटात,
एकेक करत चारही माग बंद करायला.
रोज चारही होतात असं नाही.