एका वर्षाची पाठ

कार्टर्स फोर्डच्या दवाखान्यात
मी हाडांचे फोटो काढते.
श्वास घ्या. धरा. सोडा.
दिवसातून चाळीसदा.

डेलबर्ट स्टॅम्परचा उजवा खांदा पडद्यावर आला
तेव्हा सांध्यात जागाच उरली नव्हती,
हाडावर हाड, जात्याच्या तळीवर तळी.
तो म्हणाला, म्हणजे आता ओढणं संपलं.
मला वाटलं, सिगारेट.

त्याच्या पडवीत हेजचा ओंडका होता.
चिरला की आत ओल्या हळकुंडासारखा पिवळा,
वर्षभरात गुळाच्या रंगावर जाणारा.
दोन मुठींचा सुरा त्यानं माझ्या हातात दिला.
"साल काढ. पांढरं लाकूड काढ.
मग एक वलय निवड आणि त्याच्यावरच राहा.
धनुष्याची पाठ म्हणजे झाडाचं एकच वर्ष,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कुठे खालच्या वर्षात शिरलीस
तर तिथेच मोडेल. आज नाही तर मग."

चार शनिवार मी खरवडत होते.
गाठ आली की वळसा घालून,
जखमेची पट्टी सोडवावी तशी.
झाड पाडल्याचं साल त्यानं खडूनं लिहिलेलं,
तिथून मागे मोजत आले.
माझं वलय जाड निघालं, पावसाचं वर्ष असणार.
त्या वर्षी मी कऱ्हाडला होते,
बीएस्सीला नापास, कोणाशी बोलत नव्हते.
आणि इथे एका कुंपणात
एक झाड पोटभर पाणी पीत होतं.

बहीण फोनवर विचारते,
बंदुकीनं दोनशे पावलांवरून होतं ना,
मग हे काय नवीन?
काय सांगू?
याला खूण नाही, काच नाही, चाक नाही.
नेम डोळ्यात नसतोच,
तो पाठीत असतो, दोन खवाट्यांच्या मध्ये,
ज्या जागेचा मी रोज फोटो काढते
आणि जिथे स्वतः कधी गेले नव्हते.
दोरी तीन बोटांनी ओढायची,
अंगठ्याला काही काम नाही.
(अंगठा दक्षिणेत मागणाऱ्या गुरूंची
इथे फजिती झाली असती.)

नोव्हेंबर. ओकची पानं पायाखाली पापडासारखी.
वीस पावलांच्या आत यायला हवं,
म्हणून आठवडाभर घरात फोडणी बंद,
कपडे खायच्या सोड्यात धुतलेले.
हिंग हरणाला टेकडीपलीकडून कळतो.
बसून राहिले. कान हळूहळू मोठे झाले.
खारीचं नख सालीवर, वाऱ्याची बाजू बदलणं,
माझ्याच पोटातली गुरगुर,
सगळं सारख्या महत्त्वाचं.

मग ती आली.
सतरा पावलं. ओकची फळं चावत होती,
जबडा बाजूला सरकत होता, म्हाताऱ्या बाईचा असतो तसा.
श्वास घ्या.
धरा.
बोटांनी सोडलं की मी, ते सांगता येणार नाही.

बाण तिच्या पोटाखालून पानांत गेला.
तिनं उडी घेतली, थांबली,
बाणाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं
आणि उतारावरून चालत गेली. पळाली नाही.

अंधार पडेपर्यंत मी पानं चाळत होते,
कानातली कुडी हरवल्यासारखी, गुडघ्यांवर.
सापडला नाही.

ट्रकमध्ये डेलबर्ट थर्मास घेऊन बसलेला.
लागला का, असं विचारलं नाही.
"किती खाली?"
"चार बोटं."
तो हसला आणि हसल्यानं त्याचा खांदा दुखला.
"या रानात माझे एकतीस आहेत," म्हणाला.

घरी येऊन दोरी उतरवली.
धनुष्य पुरतं सरळ होत नाही,
जरासं वाकलेलंच राहतं.
तो त्याला खोट म्हणतो.
भिंतीला टेकवून ठेवलं,
गॅसवर तेल तापत ठेवलं.
हिंगाची डबी हातात घेतली.
उघडली नाही.