निषेधासह

मरोळच्या आतल्या गल्लीत, लॅबमधून
रिपोर्ट घेऊन खाली आलो तर
गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा जबडा.

अकरा मिनिटं. घड्याळ बघूनच वर गेलो होतो.
तेहतीस वर्षं लघुवाद न्यायालयात तारखा लिहिल्या,
वेळेवरून माझ्याशी वाद घालू नये कुणी.

काचेवर गुलाबी कागद :
खाजगी जागा. दंड रुपये आठशे. हुकुमावरून.
कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.
खाली सही आहे, तीही रबरी.

भिंतीला टेकून एक पोरगा शेंगा सोलत होता,
अंगात दोन मापं मोठा युनिफॉर्म.
नाव?
अंकुश बरफ.
गाव?
जव्हारच्या पुढं.

म्हटलं, अंकुश, ही जागा तुझ्या मालकाची कशावरून?
प्रॉपर्टी कार्ड दाखव, सीटीएस नंबर सांग.
गटाराच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण?
माझ्या मालकीच्या चाकाला
माझ्या गैरहजेरीत, विनानोटीस,
हात लावायचा अधिकार तुला दिला कुणी?
आवाज चढला होता. पानवाला ऐकत होता.
खूप दिवसांनी कुणीतरी ऐकत होतं.

पोरगा म्हणाला, काका,
मला फक्त लावायला शिकवलंय.
चावी पुजारीसाहेबांकडे असते.
ते जेवायला गेलेत.

युक्तिवाद संपला.

मग मी माझ्याच गाडीत बसून राहिलो,
जप्त मालासोबत जप्त.
शेजारच्या सीटवर सुलक्षणाचं पाकीट, चिकटवलेलं.
त्यातही एक आकडा असणार,
आणि हरकत कुठे नोंदवायची
ते त्यावरही छापलेलं नसणार.

अंकुशनं खिडकीतून शेंगा पुढे केल्या.
सांगू लागला, पहिल्या दिवशी
माझ्याच बाइकला लावून शिकवलं.
लाव म्हणाले. लावला.
आता सोडव म्हणाले.
सहाशे कापले पगारातून.
सांगताना हसत होता. मी हसलो नाही,
पण शेंगा घेतल्या.

पावणेतीनला पुजारी आले, तोंडात बडीशेप,
बोटाला चावी. माझ्याकडे बघितलं नाही,
नोटा उजेडात धरून बघितल्या.
पावतीच्या दोन्ही भागांवर मी लिहिलं,
कोर्टातल्या जुन्या वळणदार अक्षरात :
निषेधासह दिले.
पुजारी म्हणाले, लिहा, काय पण लिहा.

स्थळप्रत अंकुशकडे राहिली.
बोट ठेवत वाचली त्यानं :
नि षे धा सह.
काका, हे लिहिलं की पैसे परत मिळतात?
नाही.
मग?
नोंद राहते.
त्यानं मान हलवली, जशी सुलक्षणा हलवते
मला वाईट वाटू नये म्हणून.

जबडा निघाला. टायरवर दोन पांढरे ओरखडे.
शिट्टी वाजवत त्यानंच मला मागे काढलं,
येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा, बस.

गल्लीच्या तोंडाशी आरशात बघितलं.
रिकाम्या जागेपाशी एक पांढरी गाडी थांबलेली,
अंकुश तिच्या काचेशी वाकलेला.
काय बोलला ते मला ऐकू आलं नाही,
आणि ऐकीव गोष्ट मी कधी नोंदवली नाही.
एवढंच सांगू शकतो :
पांढरी गाडी तिथे लागली नाही.
पुढे निघून गेली.